रिपोर्ट चांगला, मग मासे का मेले? उजनीच्या फुगवट्यातल्या पाण्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदापूर तालुक्यात उजनीकाठी गाव, वडील मासेमारी करतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात सलग दोन दिवस सकाळी काठाला मेलेले कटला-रोहू लागले. तुम्ही दुपारी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं आणि दोन दिवसांनी लॅबला दिलं. रिपोर्टमध्ये पीएच ८.४, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४२०, पुढे कठीणपणा, क्लोराइड, आणि सगळ्यांसमोर ‘मर्यादेत’. घरच्या टीडीएस मीटरनेही साधारण तोच आकडा दाखवला. गावात निम्मे म्हणतात कारखान्याने विष सोडलं, निम्मे म्हणतात उन्हाने मेले. रिपोर्ट खोटा आहे का, खोटा नसेल तर कोणती टेस्ट करायची, आणि हे पाणी वापरायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

रिपोर्ट खोटा नसावा. पण तुम्ही ज्या बाटलीला प्रश्न विचारला, तिला मासे मेले त्या वेळेचं काहीच माहीत नव्हतं. मासे पहाटे मेले, पाणी दुपारचं, तेही बाटलीत दोन दिवस शिळं झालेलं. आणि लॅबने जे मोजलं ते पाण्यात क्षार किती हे सांगतं. मासा कशाने गुदमरला हे त्यातून कळत नाही. मी गेली २२ वर्षं तलाव आणि धरणांच्या पाण्याचं काम करते, त्यातली बरीच वर्षं भीमेच्या खोऱ्यात गेली. मासे मेल्यावर हातात असा ‘मर्यादेत’ लिहिलेला कागद घेऊन आलेले कितीतरी लोक मला भेटले आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी टीडीएस मीटर. त्या मीटरला पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच कळतं, आणि त्यावरून तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. घरी एक प्रयोग करा. पेल्यात पाणी घ्या, आकडा बघा, मग त्यात चमचाभर साखर विरघळवा. आकडा जवळपास जागचा हलणार नाही. साखरेसारखंच मैलापाण्यातले जंतू, कीटकनाशकाचे अंश, डिझेलचा तवंग यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरतात, म्हणजे तुमचं ४२० त्यात बसतं. पण त्याच मानकात १०० मिलिलीटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये असंही लिहिलंय, आणि ती चाचणी तुमच्या रिपोर्टमध्ये नाहीच.

आता माशांकडे येऊ. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ज्याला आम्ही लॅबवाले डीओ म्हणतो, तो माशाचा श्वास. हवेशी समतोल राखलेल्या ३० अंश तापमानाच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, उजनीच्या उंचीवर ७ च्या थोडा वर. थंडीत २० अंशाला हाच आकडा ९ च्या घरात असतो. म्हणजे मे महिन्यात माशाला मुळातच कमी हवा मिळते, आणि गरम पाण्यात त्याचं शरीर जास्त हवा मागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात डीओ किमान ४ असावा लागतो.

आता हिरवं पाणी. शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात ऑक्सिजन सोडतं, इतका की दुपारी दोन-तीनला पाण्यात मावतो त्याच्या दीडपट-दुप्पट आकडा दिसतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे, जंतू आणि तळातला गाळ सगळे मिळून तो ऑक्सिजन खातात, आणि पहाटेपर्यंत तिजोरी रिकामी होते. त्यातच दिवसभर मळभ असेल तर दुपारची कमाईच कमी, आणि रात्री वारा पडला असेल तर वरून भरही पडत नाही. मेच्या शेवटी, मृगाच्या आधी असे ढगाळ, कुंद दिवस येतात. तुम्ही लिहिलेल्या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत आभाळ कसं होतं आणि वारा होता का, हे वडिलांना विचारा. माझा अंदाज आहे की त्यांना ते लगेच आठवेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी अशाच मेमध्ये उजनीकाठच्या कुंभारगावच्या बाजूला एका मच्छीमार काकांच्या होडीत रात्र काढली होती. ऑक्सिजन मोजायची एक जुनी पद्धत आहे, १८८८ साली विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दिलेली. ३०० मिलिलीटरच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, लगेच त्यात मँगनीजचं द्रावण आणि मग आयोडाइड मिसळलेला अल्कली सोडायचा, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका ऑक्सिजन तितका गडद. आदल्या दुपारी आम्ही भरलेल्या बाटल्या चहासारख्या तपकिरी झाल्या होत्या. पहाटे साडेचारला पाच मीटर खोलीवरून दोरीने ओढलेल्या बाटलीत दोन्ही द्रावणं सोडली आणि साका पांढराशुभ्र बसला. टॉर्चच्या उजेडात काका म्हणाले, “ताई, ह्याचं तर दूध झालं.” पांढरा साका म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजन नाहीच. वरच्या थरातली बाटली फिकट पिवळसर, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅमच्याही खाली. आणि होडीच्या कडेला कटले तोंड वर काढून आ वासत होते. सात वाजता काठाला ते मेलेले लागले. दुपारी बारा वाजता तिथेच मीटर बुडवला तर पाणी अगदी ठणठणीत दिसत होतं. तुमची बाटली या बारा वाजताच्या पाण्याची होती.

पण सगळे मृत्यू ऑक्सिजननेच होतात असं मी म्हणणार नाही. परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं, आणि इथे मेलेले मासेच पहिले साक्षीदार असतात. ऑक्सिजन कमी पडला तर सहसा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांना हवा जास्त लागते. कटला, रोहू मरतात, पण मरळ आणि मांगूर वाचतात, कारण ते पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतात. चिलापी चिवट, तीही बऱ्याचदा तग धरते. मृत्यू पहाटे होतात आणि ऊन चढलं की थांबतात. विषाचा प्रकार असेल तर लहान मासे आधी किंवा बरोबरीने जातात, मरळसुद्धा सुटत नाही, बेडूक आणि शिंपलेही मरतात, मरायला पहाटेची वाट पाहिली जात नाही, आणि मृत्यूचा पट्टा एखाद्या नाल्याच्या तोंडापासून सुरू झालेला दिसतो. तिसरीही एक गोष्ट आहे: कल्ला उघडून बघा. रक्त चॉकलेटी दिसलं तर नायट्राइटचा संशय घ्यायचा, कारण तो रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतो. तुम्ही फक्त कटला-रोहू आणि फक्त सकाळी असं लिहिलंय, म्हणून माझा कल ऑक्सिजनकडे आहे. मात्र मरळ-मांगूर वाचले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी शोधा.

एक आकडा मात्र मला खटकला, तो पीएचचा. दोन दिवस अंधारात बंद बाटलीत राहून ८.४ उरलाय, म्हणजे भरताना तो ९ च्या आसपास किंवा वर असू शकतो, कारण बाटलीतले जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पीएच खाली येतो. हे का महत्त्वाचं? मैलापाण्यातून येणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी, दुसरं माशाच्या कल्ल्याला जाळणारं. ३० अंशाला पीएच ७ असेल तर विषारी रूप एक टक्क्याच्याही आत असतं. पीएच ८ ला ते सात-आठ टक्के होतं, आणि ९ ला ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण शेवाळामुळे चढलेल्या पीएचने त्याचं विष कित्येक पटींनी वाढतं. मासा दुपारी अमोनियाचा मार खातो, पहाटे हवेचा. म्हणून पुढच्या वेळी अमोनियाची चाचणी मागा, आणि पीएच व तापमान पाण्याच्या काठावर, तिथल्या तिथे मोजा. त्या दोन्हींशिवाय अमोनियाच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

इतकं शेवाळ आलं कुठून, हा पुढचा प्रश्न. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं दोन्ही, पवना, मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत येतं. इंद्रायणी तुळापूरला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. तिथून सगळं १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीत येऊन थांबतं. वाहत्या नदीला निदान खळाळ असतो, धरणात आल्यावर पाणी पसरतं, तापतं, आणि सोबत आणलेलं खाली बसतं. त्यात काठच्या उसाच्या शेतांतून वाहून येणारं खत मिळतं. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवर अडलेली असते. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एका तलावाच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला त्याच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू काही आठवड्यांतच हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. वरून काढलेल्या त्या फोटोने अनेक देशांतल्या लोकांना साबणातल्या फॉस्फेटचा विचार करायला लावलं.

आणि मग गाळ. मला विचाराल तर उजनीची खरी वही तिथे लिहिली जाते. वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस गाळात लोहाला चिकटून बसतो. तळाशी ऑक्सिजन असेपर्यंत तो तिथेच राहतो. ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं, पकड सुटते आणि फॉस्फरस परत पाण्यात येतो. म्हणजे त्या पांढऱ्या साक्याच्या रात्री फक्त मासे मरत नव्हते, पुढच्या हिरवाईचं खतही तळातून वर येत होतं. म्हणूनच उद्या शहरांचं सगळं सांडपाणी पूर्ण स्वच्छ होऊन आलं तरी पाणी लगेच निवळणार नाही. निवळतं मात्र, हे मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६० च्या दशकात मैलापाणी वळवलं आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला तो तलाव लक्षणीय स्वच्छ झाला. तो खोल आहे आणि त्याचा गाळ आपल्याइतका फॉस्फरसने लदलेला नव्हता, त्यामुळे त्याचं वेळापत्रक उजनीला लावता येणार नाही. दिशा मात्र तीच.

उजनीची आणखी एक अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यात उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं आपण म्हणतो. त्या वेळी फुगवट्याच्या शेपटाला, तुमच्या बाजूला, पाणी गुडघा-कमरेएवढं उरतं आणि गाळाशी अगदी लगटून असतं. त्यावर मृगाचा पहिला पाऊस पडला की वरच्या नद्यांच्या पात्रात चार महिने साचलेली घाण एका लोंढ्यात येते आणि गाळही ढवळतो. जूनमधले मृत्यू बरेचदा या लोंढ्यानंतरचे असतात. तुमचे त्याआधीचे आहेत, म्हणून मी ते वेगळे धरते.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत: पहाटेच्या ऑक्सिजनवर माझा पहिला संशय, अमोनियाचा हात असण्याची शक्यता, आणि विष तपासल्याशिवाय नाकारायचं नाही. तुमचा रिपोर्ट यांपैकी कशालाही हात लावत नाही.

पाणी वापरायचं का? इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. हिरवा तवंग आलेल्या जागेचं पाणी पिऊ नका, उकळूनही नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण काही निळ्या-हिरव्या जिवाणूंनी तयार केलेलं विष उकळल्याने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यातल्या मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅमचं मार्गदर्शक मूल्य दिलंय, इतकी कमी मात्रा महत्त्वाची असते. प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं, पण डोळ्यांनी ठरवता येत नाही. एक ढोबळ ओळख अशी: काचेच्या बरणीत ते पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर निळ्या-हिरव्यांचा संशय, तळाला बसला असेल तर बहुधा साधं शेवाळ. जवळून पाहिलं तर मायक्रोसिस्टिस हा निळा-हिरवा जिवाणू पाण्यात हिरवा रवा ढवळल्यासारखा दिसतो. वाऱ्याने तो एका काठाला गोळा होतो. जनावरं त्या काठाला पाण्यावर नेऊ नका. मेलेले सापडलेले मासे खाऊ नका आणि विकूही नका, मरण्याचं कारण ऑक्सिजन असलं तरी. जिवंत धरलेल्या माशाची आतडी आणि यकृत काढून टाका, ही विषं तिथे जास्त साठतात.

आणि कुणी मोरचूद टाकायचा सल्ला देईल, तर ऐकू नका. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ साली धरणातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकलं, पेशी फुटल्या, आतलं विष पाण्यात उतरलं आणि १४८ जण आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं.

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, की उजनीकाठच्या भिगवणला एवढे रोहित येतात म्हणजे पाणी चांगलंच असणार. हा समज मी खूप ऐकते, आणि मला त्या पक्ष्यांबद्दल फार जिव्हाळा आहे म्हणूनच सांगते. आपल्याकडचा मोठा रोहित चिखलातल्या अळ्या आणि बारीक जीव गाळून खातो. ऑक्सिजन कमी असलेल्या सेंद्रिय गाळात डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या एका माशीच्या लाल अळ्या भरपूर वाढतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल आणि म्हणून त्या अशा गाळात जगतात. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तिथे लहान रोहित हजारोंनी येतात, आणि त्या खाडीला महानगराचं सांडपाणी मिळतं हेही सर्वांना माहीत आहे. पक्षी आले म्हणजे त्यांना खायला आहे एवढंच कळतं. पाणथळीची तब्येत बघायची तर काठाजवळचा दगड उलटा करा. त्याखाली मेफ्लाय या पाणकिड्याच्या, तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सापडल्या तर पाण्याला श्वास आहे. फक्त लाल अळ्या आणि धाग्यासारखे गाळातले किडे सापडले तर नाही.

आता पुढे काय करायचं. डीओचं ड्रॉपरवालं किट घ्या, मीटरच्या मानाने फार स्वस्त पडतं. एक जागा ठरवा, शक्यतो वडील जाळं टाकतात तीच. दहा दिवस, पहाटे तांबडं फुटायच्या आधी आणि दुपारी तीनला, रोज त्याच जागी डीओ, पीएच, तापमान मोजा. किटची मापनं एखाद्या अंकाने इकडेतिकडे होतील, हरकत नाही. पहाट आणि दुपार यांतला फरक किती, हे आपल्याला हवंय. एक पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होईल ती खोली मोजा. आम्ही २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी वापरतो, पण तुलनेपुरती ताटली चालते, फक्त रोज तीच वापरा.

लॅबसाठी पाणी द्यायचं तर वेगवेगळ्या बाटल्या लागतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. अमोनिया आणि बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचं माप) काठोकाठ भरलेली, बर्फात ठेवलेली, त्याच दिवशी पोचवलेली बाटली. जंतूंसाठी लॅबकडून आधीच घेतलेली निर्जंतुक बाटली. धातूंसाठी लॅबने नायट्रिक आम्ल घातलेली. कीटकनाशकांसाठी गडद काचेची, प्लास्टिक नको. शीतपेयाची बाटली कशालाच नको, तिच्यात साखरेचा अंश उरतो आणि बीओडी त्यावरच चढतो. पुन्हा मासे मेले तर अर्धमेले दोन-तीन मासे बर्फात ठेवून मत्स्यव्यवसाय विभागाला द्या. सडलेल्या माशातून काही कळत नाही.

विषाचा संशय बळावला, म्हणजे मरळ, बेडूकही मेले आणि नाल्याच्या तोंडाशी पट्टा दिसला, तर त्याच तासाला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, फोटो आणि वेळ टाकून. १९७४ च्या जल कायद्यानुसार न्यायालयात पुरावा म्हणून मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुनाच चालतो. तुमची बाटली तिथे पुरावा ठरत नाही, पण ती तुम्हाला योग्य वेळी फोन करायला लावते. एक नमुना मात्र तुम्हीही बर्फात ठेवाच, कारण मंडळाची माणसं पोचेपर्यंत पाणी पुढे गेलेलं असतं.

वडिलांसाठी एक गोष्ट लगेच करता येईल. त्यांचे मासे पिंजऱ्यात किंवा जाळ्याच्या घेऱ्यात ठेवलेले असतील तर मळभ आलेल्या, वारा पडलेल्या दिवशी संध्याकाळीच गर्दी कमी करा, त्या संध्याकाळी खाद्य देऊ नका, आणि पंप असेल तर रात्री दोनपासून सूर्य वर येईपर्यंत पाणी उडवत ठेवा. दुपारी पंप लावून काही उपयोग नाही, त्या वेळी ऑक्सिजन भरपूर असतो.

दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की इथेच टाका, मी बघते. प्रत्येक आकड्यापुढे ढग आणि वारा लिहायला विसरू नका, आणि धरण त्या दिवशी किती टक्क्यांवर होतं तेही लिहा.